कोरडवाहू नटाचे पीकपाणी

जालना जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ‘यंदा काय पेरले?’ असे विचारले, तर त्याच्या तोंडून एकाच पिकाचे नाव सहसा ऐकू येत नाही. कपाशी लावलेली असते, तिच्यात तुरीचे तास असतात, खालच्या तुकड्यात सोयाबीन असते, कडेला थोडा मूग असतो. आणि रब्बीला ओल राहिलीच तर ज्वारी, म्हणजे माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा. ऐकणाऱ्या शहरी माणसाला वाटते, या गृहस्थाचे एका गोष्टीवर म्हणून मन बसत नाही. वस्तुस्थिती अगदी उलट असते. वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही त्याच्या लहरीने पडणार. अशा आभाळाखाली सगळे रान एकाच पिकाच्या हवाली करणे हा धीटपणा नव्हे, आडदांडपणा झाला. मूग गेला तर तूर हाताशी येते, तूर गेली तर निदान कडबा तरी राहतो. मिश्र पीक ही हौस नाही. तो पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब आहे.

आता हाच प्रश्न छोट्या, स्वतंत्र मराठी चित्रपटांतून काम करणाऱ्या एखाद्या नटाला विचारून पाहावा. त्याचेही उत्तर असेच तासातासांचे येते. एक चित्रपट पुरा होऊन दीड वर्ष झाले आहे, पण लागलेला नाही. नाटकाचे महिन्याला चार-सहा प्रयोग आहेत. एका मालिकेत गावच्या सरपंचाचे काम आहे, ते किती भाग चालेल सांगता येत नाही. मधल्या वेळात कुठे शिबिर घेतो, कुठे आवाज देतो. आणि या सर्वांच्या बुडाशी कुणाची नोकरी असते, कुणाचे दुकान असते, तर कुणाची चार-पाच एकर जमीन. आपण मनात म्हणतो, ‘म्हणजे अजून याचे काही जमलेले दिसत नाही.’ हे म्हणण्याची घाई आपण करतो का, याचा विचार आज करायचा आहे. आणि त्यासाठी जालना जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी सापडणार नाही.

स्वतंत्र चित्रपट म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत सांगायला हवे. ज्याच्या मागे मोठी निर्मितीसंस्था नाही, नावे पाहून पैसा लावणारा वितरक नाही, जो एखाद्या दिग्दर्शकाच्या हट्टातून, मित्रांच्या उसनवारीतून आणि कधी घरच्या जमिनीच्या तुकड्यातून उभा राहतो, तो हा चित्रपट. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ पुरा करण्यासाठी शेतजमीन विकल्याची गोष्ट २०१५ साली तो लागला तेव्हा महाराष्ट्रभर बोलली गेली. खेड्यात इर्जिक घालतात, तसाच हा प्रकार. ज्याचे रान नांगरायचे राहिले आहे त्याच्या मदतीला भावकी आणि शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन येतात, दिवसभर राबतात. मालकाने जेवण घालायचे, मजुरी द्यायची नाही. स्वतंत्र चित्रपटातला नट हा असा इर्जिकीला आलेला गडी असतो. फरक एवढाच, की गावात आज तुमचे रान झाले तर उद्या माझे होते. चित्रपटाच्या इर्जिकीत मात्र नटाचे रान नांगरायला कोण येणार, हा प्रश्न तसाच राहतो.

आचाऱ्याची तारामती

ही काही नव्या जमान्याची अडचण नाही. आपला चित्रपट जन्मला तोच असा. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्यासाठी दादासाहेबांनी विम्याच्या पॉलिशा गहाण टाकल्या होत्या आणि सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले होते. स्त्रीभूमिकेला स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेला पडले आणि आपल्या पहिल्या चित्रपटाची राणी तारामती सापडली.

साळुंक्यांची पुढची हकिगत तितकीशी सांगितली जात नाही, ती सांगण्याजोगी आहे. १९१७ साली आलेल्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी रामही केला आणि सीताही केली. एकाच चित्रपटात नायक आणि नायिका दोन्ही भूमिका करणारा हा माणूस पुढे कॅमेऱ्याच्या मागे गेला आणि छायाचित्रणकार म्हणून काम करू लागला. आचारी, राणी, देव, देवी आणि छायाचित्रणकार: एका आयुष्यातली ही पाच पिके. भारतीय चित्रपटाचा इतिहास नायकांच्या नावांनी लिहिला जातो. पण त्याच्या पायातला एक दगड हा असा मिश्र पिकाचा आहे.

फाळक्यांच्या त्या धडपडीवर परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढली. २००९ साली ऑस्करच्या स्पर्धेसाठी भारतातर्फे तिची निवड झाली. त्याआधी २००४ साली तो मान ‘श्वास’ला मिळाला होता, आणि त्या चित्रपटातले आजोबा रंगवणारे अरुण नलावडे त्याच्या निर्मात्यांपैकीही एक होते. म्हणजे तिथेही नटाच्या अंगावर दोन कामे होतीच. ‘फॅक्टरी’तले फाळके केले नंदू माधव यांनी. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. कारण पुढे हेच गृहस्थ आपल्याला जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या नाटकात भेटणार आहेत.

दोन चुलींवरचे नट

मराठी नटाला दुसरा व्यवसाय असणे ही तशी जुनी रीत. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर होते. मोहन आगाशे यांनी मानसोपचार शिकवत आणि करत नाटक-चित्रपट केले आणि पुढे ‘कासव’सारख्या चित्रपटाच्या निर्मितीचीही जबाबदारी उचलली, या चित्रपटाने २०१६ सालचे सुवर्णकमळ मिळवले. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ साली त्यांनी वैद्यकी सोडून पूर्ण वेळ रंगभूमी पत्करली. दुसऱ्या बाजूला निळू फुले. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा माणूस सेवादलाच्या कलापथकातून वर आला आणि १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’नंतर घराघरांत पोचला. १९७५ साली ‘सामना’मध्ये लागूंचा मास्तर आणि निळूभाऊंचा हिंदूराव समोरासमोर उभे राहिले, तेव्हा पडद्यावर एक शल्यविशारद आणि एक माळी बरोबरीने झुंजत होते. कोण कुठून आला, हे प्रेक्षकाला विचारावेसे वाटले नाही.

तरीही या दोन चुलींत एक फरक आहे आणि तो नजरेआड करून चालणार नाही. डॉक्टर असलेल्या नटाची दुसरी चूल भक्कम असते. नाटक पडले तर दवाखाना उघडता येतो. निळूभाऊंची माळीकामाची नोकरी लहान असली, तरी पगार महिन्याच्या महिन्याला होत होता. शेतकरी असलेल्या नटाचे मात्र अवघड असते. त्याचा पहिला व्यवसायही बेभरवशाचा आणि दुसराही. नाटकाला प्रेक्षक येईल का, आणि रानावर पाऊस येईल का, या दोन्ही प्रश्नांकडे तो एकाच चेहऱ्याने बघत असतो. अशा माणसांनी नट व्हावे, तेही गाव न सोडता, हे जालना जिल्ह्यात घडले.

जांबचे नाटक

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तालुके घेऊन जालना जिल्हा झाला. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्याहून फार जुनी, इथल्या बाजारपेठेच्या वैभवाची. आजच्या जालना शहराची ओळख बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडी सळयांचे कारखाने अशी आहे. जिल्ह्याची ओळख कापूस आणि मोसंबी. दक्षिणेच्या अंगाला गोदावरी वाहते आणि तिच्या पलीकडे बीड जिल्हा लागतो. या गोदाकाठच्या पट्ट्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. गेल्या काही वर्षांत मात्र हे गाव आणखी एका कारणाने नाटकवाल्यांच्या तोंडी आले: ते कारण म्हणजे राजकुमार तांगडे आणि त्यांचे सोबती.

तांगडे शेतकरी, नाटककार आणि नट. त्यांच्या ‘आकडा’ या नाटकाचे नावच पुरेसे बोलके आहे. विजेच्या तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेणे, हा खेड्यातला रोजचा व्यवहार. शहरातल्या वर्तमानपत्रात तो ‘वीजगळती’ या एका शब्दात संपतो. गावात मात्र त्याला कितीतरी बाजू असतात. रोहित्र जळून दिवसेंदिवस बदलून मिळत नाही, रात्रीच्या वेळी येणारी वीज धरून पाणी द्यावे लागते, आकडा टाकणारा गुन्हेगार ठरतो आणि तारेशी खेळताना जीवही जातो. हे नाटक बाहेरून आलेल्या अभ्यासकाने लिहिलेले नव्हते. ज्यांच्या रानात मोटारी आहेत आणि ज्यांच्या डोक्यावरून त्या तारा गेल्या आहेत, त्या माणसांचे ते नाटक होते.

पुढे पुण्याचे दिग्दर्शक अतुल पेठे यांनी याच गावकरी नटांना घेऊन ‘दलपतसिंग येती गावा’ बसवले. लेखन मकरंद साठे यांचे; विषय माहितीच्या अधिकाराचा. राजस्थानातल्या खेड्यापाड्यांत मजूर-शेतकऱ्यांनी हजेरीपट आणि हिशेब दाखवा म्हणून लढा दिला, त्या लढ्याचा २००५ साली झालेल्या कायद्याला मोठा हात लागला. ती कथा मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी रंगमंचावर आणली. यात एक गंमत आणि एक गांभीर्य आहे. हजेरीपटावरची खोटी नावे म्हणजे काय, हे या नटांना तालमीत समजावून सांगण्याची गरज नव्हती. शहरातला नट जे निरीक्षणाने मिळवतो, ते या मंडळींच्या शिदोरीत होतेच. त्यांना मिळवायची होती ती उरलेली अर्धी विद्या: आवाज कुठवर न्यायचा, थांबायचे कुठे, आणि शंभराव्या प्रयोगालाही पहिल्या प्रयोगासारखे कसे उभे राहायचे.

मग २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आले. लेखन राजकुमार तांगडे यांचे, संकल्पना, गीते आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचे. पडद्यावर फाळके झालेला हा नट मूळचा मराठवाड्याचाच, शेजारच्या बीड जिल्ह्यातला. शिवरायांचा जिरेटोप ज्याला बरोबर बसेल असे डोके शोधत यमराज आजच्या जगात हिंडतो, या कल्पनेभोवती हे नाटक रचले होते. महाराजांचे नाव घेणारे पुष्कळ, विचार पेलणारे किती, असा त्याचा रोखठोक सवाल. मिरवणूक, घोषणा, पोवाडा, शाहिरी सवाल-जवाब, सगळे त्यात होते. कलावंतांत जालना जिल्ह्यातली शेतकरी-कष्टकरी घरांतली मंडळी होती. नाटक मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत गेले, त्याचे शेकडो प्रयोग झाले, त्यावर वाद झाले आणि लेखही आले.

या नाटकांनी आणखी एक काम केले, ते भाषेचे. मराठी चित्रपटातला खेडूत वर्षानुवर्षे कोल्हापूर-साताऱ्याच्या वळणाने बोलत आला. गोष्ट कुठल्याही जिल्ह्याची असो, पाटील आणि तमासगीर त्याच एका बोलीत बोलायचे. मराठवाड्याचे ‘काय करायलास’ आणि ‘काहून’ ऐकू यायला बराच काळ लागला. मकरंद अनासपुरे यांच्या विनोदाने ती बोली २००० नंतरच्या दशकात पडद्यावर लोकप्रिय केली, हे त्यांचे श्रेय. पण तिथे ती प्रामुख्याने हसवण्यासाठी होती. जांबच्या नटांनी त्याच बोलीत प्रश्न विचारले, भांडण केले, युक्तिवाद केला. आपल्या बोलीत माणूस हुशारही असू शकतो, हे गावातल्या पोराने नाट्यगृहात ऐकले, याचा परिणाम तिकीटबारीच्या आकड्यात मोजता येत नाही.

दुष्काळाचे साल

२०१२ हे वर्ष मराठवाड्याच्या दुसऱ्या एका आठवणीत आहे. त्या साली पावसाने दगा दिला आणि २०१३ च्या उन्हाळ्यापर्यंत जालना जिल्हा दुष्काळात होरपळून निघाला. शहराला नळाचे पाणी कित्येक दिवसांनी मिळत होते, गावोगाव टँकर धावत होते. पंधरा-पंधरा वर्षे पोसलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्या स्वतःच्या हाताने तोडून सरपणाला काढल्या. म्हणजे ज्या हंगामात जालन्याच्या मंडळींच्या नाटकाला मुंबईत टाळ्या पडत होत्या, त्याच हंगामात त्यांच्या जिल्ह्यात विहिरी तळाला गेल्या होत्या.

आपण प्रेक्षागृहात बसलेलो असतो. समोरचा नट हसवतो, आपण हसतो. त्याच्या घरच्या विहिरीला पाणी आहे का, हे आपल्याला ठाऊक नसते आणि ते ठाऊक असण्याची अटही नाही. पण ‘नाटक-सिनेमावाल्यांचे काय, मजा असते’ असे सहज म्हणून जाणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांसमोर आणावे. अशा वेळी गाव त्या नटाला विचारते, ‘इथे जनावरांना चारा नाही, अन् तू तिकडे नाटक करतोस?’ हा टोमणा कडू असला तरी खोटा नसतो. त्याचे उत्तर एवढेच, की त्या साली रानाने हात वर केले असताना जे काही चार पैसे घरात येऊ शकत होते, ते त्या नाटकाच्याच मार्गाने. मूग गेला, तूर राहिली. कोरडवाहू माणसाचा हिशेब इथेही बरोबर लागला. दरवर्षी तो तसाच लागेल, याची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही.

नाटकातून पडद्याकडे

याच नाटकातून पुढे आलेला एक नट म्हणजे कैलाश वाघमारे. हाही जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला. ‘शिवाजी अंडरग्राउंड’ने त्याला ओळख दिली आणि मग चित्रपट आले. २०२० च्या जानेवारीत लागलेल्या ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी’ या भव्य हिंदी चित्रपटात त्याने चुलत्याची भूमिका केली. कोट्यवधींचा तो मामला. मोठे सेट, नावाजलेले तारे, देशभर पडदे. आणि २०२४ साली अनुप जत्राटकर यांच्या ‘गाभ’मध्ये तोच नट नायक होता. म्हशी-रेड्यांच्या पैदाशीभोवती फिरणारी ही ग्रामीण गोष्ट. ना भव्य सेट, ना तारे. गोठा, शेण, चारा, माणसे आणि जनावरे.

या दोन चित्रपटांमधले अंतर म्हणजेच स्वतंत्र चित्रपटातल्या नटाची कारकीर्द. पहिल्यात भूमिका लहान, पण चेहरा देशभर जातो. दुसऱ्यात सगळा चित्रपट खांद्यावर, पण तो पाहायला मिळावा म्हणून प्रेक्षकाला शोधावा लागतो. मोठ्या चित्रपटाने मिळवून दिलेली ओळख नट छोट्या चित्रपटात खर्च करतो. उसाच्या पैशावर ज्वारी जगवावी, तसे हे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ‘एवढ्या मोठ्या चित्रपटात काम केले, आणि आता हे गोठ्यातले?’ नटाला विचाराल तर तो कदाचित म्हणेल, की जनावराच्या अंगावरून हात कसा फिरवायचा, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याने ती भूमिका नाही करायची तर कुणी करायची?

संभाजी भगतांच्या धाग्याने आणखी एका नटापर्यंत पोचता येते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे संगीत भगत यांचे. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि २०१५ साली ऑस्करसाठी भारतातर्फे निवड, असा त्या चित्रपटाचा प्रवास. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे रंगवला नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. हे गृहस्थ व्यावसायिक नट नव्हेत. ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक, कवी, चळवळीतले कार्यकर्ते. जगभर त्यांचा चेहरा गेला, तरी त्यांची ओळख चळवळीतला माणूस अशीच राहिली. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला. त्यांच्या आयुष्यात ‘कोर्ट’ हे एक मोठे पीक होते. पण रान त्याहून मोठे होते.

‘फँड्री’तला कचरू माने आठवतो? मुकाट्याने सगळे सोसणारा बाप. तो रंगवणारे किशोर कदम म्हणजेच कवी सौमित्र. ज्याच्या शब्दांवर तरुण पिढी भाळली, त्याने पडद्यावर शब्दांवाचून बोलून दाखवले. एक काम दुसऱ्याला खात नाही; कधीकधी खतही घालते, ते असे.

नाइट, मानधन आणि उधारी

इथवर गोडवे झाले, आता रोकड हिशेब पाहू. नाटकातल्या नटाला प्रयोगामागे पैसे मिळतात. त्याला या धंद्यात ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग लागला तर नाइट, रद्द झाला तर घरी. मालिकेत दिवसावर पैसे ठरतात. ते हातात पडायला तीन-तीन महिने लागणे ही सर्रास चालणारी गोष्ट. मालिका अचानक बंद पडते, किंवा कथेत तुमच्या पात्राचा अपघात होतो आणि तुमचे उत्पन्न त्या अपघातात जाते. स्वतंत्र चित्रपटात ठरलेले मानधन थोडे, तेही पुष्कळदा ‘चित्रपट विकला गेला की बघू’ या बोलीवर. चित्रपट विकला जाणे म्हणजे एखाद्या वाहिनीने किंवा घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या कंपनीने तो घेणे. तोपर्यंत तो महोत्सव हिंडत राहतो. महोत्सवात हार मिळतो, स्मृतिचिन्ह मिळते. किराणा दुकानात यांतले काहीही चालत नाही.

शिवाय जालन्याहून मुंबईला चाचणीसाठी जायचे तर रात्रीची गाडी, सकाळी दादर, दुपारी अंधेरीत दोन मिनिटांची चाचणी आणि रात्री परत. हल्ली मोबाइलवर स्वतःची चाचणी स्वतः चित्रित करून पाठवता येते. हा बदल खेड्यातल्या नटाला मोठा दिलासा देणारा आहे. गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून पाठवलेली दोन मिनिटे अंधेरीतल्या कार्यालयात पोचतात. पण भूमिका मिळाल्यावर जे पंधरा-वीस दिवस द्यावे लागतात, ते बहुधा नेमके पेरणीचे किंवा कापूस वेचणीचे निघतात. त्या दिवसांत रान कोण बघते? बायको बघते, भाऊ बघतो, म्हातारे आईवडील बघतात. पडद्यावर नावांची जी पाटी सरकते, तिच्यात ही नावे नसतात. गावच्या नटाची कारकीर्द ही एकट्याची कधीच नसते. सगळ्या घराने मिळून केलेली ती बटाई असते.

म्हणून ‘मिश्र पीक’ ही कल्पना कितीही सुंदर वाटली, तरी तिच्यातली ओढाताण लपवू नये. कोरडवाहू शेतकरी मिश्र पीक घेतो, कारण त्याच्याकडे पाणी नाही. पाणी मिळाले तर तो ऊस नाही तर मोसंबी लावील. नटालाही नियमाने काम आणि वेळेवर पैसे मिळाले, तर त्यातल्या काहींना एकाच कामात जीव ओतायला आवडेल. पण त्याने पाण्याची वाट पाहत रान पडीक ठेवले नाही, हे त्याचे मोठेपण.

घरातल्यांसाठी

हे सर्व रविवारच्या निवांत वेळी सांगण्याचे कारण आपल्याच घरात बसलेले असते. आता प्रत्येक तालुक्यात एखादे तरी पोर आहे, जे एकांकिका करते, मोबाइलवर छोटे चित्रपट काढते आणि एक दिवस जेवताना हळूच म्हणते, ‘मला नट व्हायचंय.’ घरात शांतता पसरते. बाप म्हणतो, ‘आधी नोकरीचं बघ.’ आई ताटाकडे बघते. मग पुढे दोनच वाटा दाखवल्या जातात: एक तर सगळे सोडून मुंबई गाठ, नाही तर हे खूळ डोक्यातून काढ. जांबच्या मंडळींनी तिसरी वाट चालून दाखवली. गाव न सोडता नाटक लिहिता येते, शेती न विकता नट होता येते, आणि आपल्याच मातीची गोष्ट आपल्याच बोलीत मुंबईला ऐकवता येते. ही वाट सोपी नाही, ती चालणारे सगळेच पोचतील असेही नाही. पण ती आहे, एवढे त्या पोराला सांगायला हरकत नसावी. आणि सांगताना हेही सांगावे, की हाताला दुसरे काम असणे म्हणजे कलेशी बेइमानी नव्हे. अण्णा साळुंके स्वयंपाकघरातून आले, निळूभाऊ बागेतून आले. त्यांच्या हाताला लागलेले पीठ आणि माती त्यांनी पडद्यावर जाताना झटकून टाकली नाही.

उरला प्रश्न इर्जिकीचा. नटाचे रान नांगरायला कोण येणार? सरकारचे अनुदान आहे, महोत्सव आहेत; २०१४ पासून आपल्या मराठवाड्यातही, तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि जगभरचे चांगले चित्रपट जालन्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आले. ही सोय मोलाची. पण महोत्सव वर्षातून एकदा येतो आणि नटाला चूल रोज पेटवायची असते.

ते बैल शेवटी आपल्याच दावणीला आहेत. छोटा मराठी चित्रपट लागतो तो बहुधा शुक्रवारी, एखाद्याच पडद्यावर, सकाळच्या अडचणीच्या वेळेला. सोमवारपर्यंत खुर्च्या भरल्या नाहीत तर गुरुवारी तो उतरतो. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुढचा आठवडा त्या चित्रपटाच्या नशिबात नसतो. एखादे नाव ओळखीचे नसेल, जाहिरातीत चेहरा अनोळखी असेल, तरी पहिल्या तीन दिवसांत घरातल्या चौघांनी उठून जावे. पसंत पडला नाही तर तसे मोकळेपणाने म्हणावे. नटाला खोटी वाहवा नको असते. पण पेरणी आपल्या शिवारात झाली आहे, तर निदान बांधावर जाऊन उगवण तरी पाहून यावी.